बशीतला कॅन्सर आणि धडगाव

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या ऑफिसात एक बातमी फिरते. मजकूर ठरलेला. "भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा शोध! अमुक वनस्पतीच्या अर्काने स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी नष्ट." वनस्पती तेवढी बदलते. कधी हळद, कधी कडुनिंब, कधी सीताफळाची पानं, कधी शेवगा. खाली पन्नास अंगठे, दोन-चार झेंडे आणि एखादं 'प्राऊड मोमेंट'. मग दुपारी जेवताना कोणीतरी म्हणतंच, "बघ, आपल्या आजीला हे सगळं माहीत होतं. फार्मा कंपन्या दाबून ठेवतात."

मला या बातम्यांचा राग येतो. त्या खोट्या असतात म्हणून नव्हे. बऱ्याचदा त्या खऱ्याच असतात, पेशी खरोखरच मेलेल्या असतात. राग येतो तो आपण टाळ्या कशाला वाजवतो यावर. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी कशा वागतात, कशाला दाद देतात, कशाला देत नाहीत, याचं पन्नास वर्षांत साठलेलं ज्ञान प्रचंड आहे. त्यातलं जे पक्कं आहे ते बाईपर्यंत पोचण्याआधीच अडतं, आणि बहुतेक वेळा फॉर्मलिनच्या एका बाटलीपाशी अडतं. त्या बाटलीची बातमी कधी होत नाही. हा लेख त्या बाटलीबद्दल आहे.

आधी बशीत काय असतं ते बघू. स्तनाच्या कॅन्सरवरच्या प्रयोगांमध्ये जगात सगळ्यात जास्त वापरलेल्या पेशींचं नाव आहे एमसीएफ-७. मिशिगन कॅन्सर फाउंडेशन, सातवा प्रयत्न, म्हणून हे नाव. १९७० साली सिस्टर कॅथरिन फ्रान्सिस नावाच्या ६९ वर्षांच्या एका अमेरिकन जोगिणीच्या छातीत साठलेल्या पाण्यातून त्या काढल्या. कॅन्सर पसरलेला होता, बाई त्याच वर्षी गेल्या. पेशी मात्र अजून वाढताहेत, जगभरच्या हजारो इन्क्युबेटरमध्ये, प्लॅस्टिकच्या तळाला चिकटून, वासराच्या गर्भाच्या रक्तद्रवावर पोसलेल्या. दुसऱ्या नंबरचं नाव एमडीए-एमबी-२३१. त्याही एका अमेरिकन बाईच्या, वय ५१. आपल्याकडे पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, एनसीसीएस. त्यांच्या साठ्यातून देशभरच्या प्रयोगशाळांना अशा पेशी मिळतात. यात लपवाछपवी काही नाही. पेशी सारख्या असल्या तरच एका प्रयोगशाळेचा प्रयोग दुसरीला करून बघता येतो, त्यामुळे हे असंच असायला हवं.

पण आपण सॉफ्टवेअरवाले. आपल्याला तरी हे चटकन कळायला हवं. "माझ्या मशीनवर चालतंय" हे वाक्य आपल्यापैकी कोणी ग्राहकाला ऐकवून बघावं! बशीत यकृत नाही, त्यामुळे औषधाचं पोटात गेल्यावर काय होतं ते कळत नाही. प्रतिकारशक्ती नाही, रक्तवाहिन्या नाहीत, शेजारच्या निरोगी पेशी नाहीत. औषधाचा डोस वाटेल तेवढा वाढवता येतो. एवढ्या सवलतीत पेशी मारणं अवघड नाही. ब्लीचने मरतात. मिठाच्या पाण्याने मरतात. उकळत्या चहानेही मरतील. प्रश्न असतो तो बाई जिवंत ठेवून पेशी मारण्याचा, आणि त्याचं उत्तर बशी एकटी देऊ शकत नाही.

शिवाय बशीत तेच आहे का, हाही प्रश्न असतो. एमडीए-एमबी-४३५ नावाच्या पेशी वर्षानुवर्षं स्तनाच्या कॅन्सरच्या म्हणून वापरल्या गेल्या. कॅन्सर पसरतो कसा यावरचे शेकडो निबंध त्यांच्यावर लिहिले गेले. २००० साली त्यांच्या जनुकांचा नकाशा बघून शंका आली, आणि २००७ पर्यंत पक्कं झालं की त्या मुळात त्वचेच्या कॅन्सरच्या, मेलानोमाच्या पेशी आहेत. म्हणजे एवढ्या लोकांनी एवढी वर्षं भलत्याच प्रोजेक्टच्या कोडमधले बग शोधले. डोक्याला हात लावायची वेळ.

आता कोणी म्हणेल, हा गडी प्रयोगशाळांच्या विरोधात दिसतो. अजिबात नाही. उलट बशीने जे दिलंय ते इतकं मोलाचं आहे की ते वाया जाताना बघवत नाही. टॅमॉक्सिफेनचंच घ्या. आयसीआय कंपनीने १९६० च्या दशकात ही गोळी गर्भनिरोधक म्हणून काढली, आणि त्या कामात ती नापास झाली. दरम्यान एल्वूड जेन्सन यांनी शिकागोत इस्ट्रोजेनचा ग्राहक शोधला. ग्राहक म्हणजे पेशीतला असा रेणू की हॉर्मोन येऊन त्याला चिकटलं की पेशीला 'वाढ' असा हुकूम मिळतो. १९७५ मध्ये मार्क लिपमन यांनी बशीतल्या पेशींवर दाखवलं की इस्ट्रोजेनविरोधी औषध दिलं की वाढ थांबते, आणि इस्ट्रोजेन परत दिलं की पुन्हा सुरू होते. स्विच सापडला. आणि ज्या पेशींत हा ग्राहकच नाही त्यांना या गोळीचं काही देणंघेणं नाही, हेही उमगलं. हे बशीत थांबलं नाही. हजारो बायकांवरच्या चाचण्या झाल्या, आणि २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सगळ्यांचा एकत्र हिशेब आला. ज्यांच्या गाठीत इस्ट्रोजेनचा ग्राहक आहे अशा बायकांनी पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं तर पुढच्या पंधरा वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. ज्यांच्यात ग्राहक नाही त्यांना फायदा शून्य. गोळी आज जेनेरिक आहे. दिवसाचा खर्च कटिंग चहापेक्षा जास्त नाही.

पुढे १९८७ मध्ये डेनिस स्लेमन यांनी दाखवलं की काही गाठींमध्ये हर-टू नावाच्या जनुकाच्या जादा प्रती असतात आणि तो कॅन्सर जास्त आक्रमक असतो. १९९८ मध्ये त्यावरचं औषध बाजारात आलं. या सगळ्याचं सार असं, की स्तनाचा कॅन्सर हा एक रोग नाही. उपचार ठरवण्याआधी गाठीला तीन प्रश्न विचारावे लागतात. इस्ट्रोजेनचा ग्राहक आहे का? प्रोजेस्टेरॉनचा आहे का? हर-टू जादा आहे का? बशी, उंदीर आणि हजारो बायका मिळून पन्नास वर्षांत जे शिकलो ते उपचाराच्या बाबतीत या तीन प्रश्नांत मावतं. उत्तरं मिळतात ती गाठीच्या एका पातळ कापावर रंग चढवून. खर्च दोन-चार हजार रुपये.

आता धडगाव. माझी एक सवय आहे. आरोग्याबद्दल काहीही 'क्रांतिकारक' वाचलं की मी त्याला धडगावची टेस्ट केस लावतो. काही वर्षांपूर्वी तोरणमाळला गेलो तेव्हा कळलं की ते अक्राणी तालुक्यात येतं आणि तालुक्याचं मुख्य ठिकाण धडगाव. सातपुड्याच्या रांगा, पाड्यापाड्यांनी विखुरलेली पावरा आणि भिल्ल वस्ती, उत्तरेला नर्मदा. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे काठच्या काही गावांपर्यंत दवाखाना बोटीतून न्यावा लागतो. पाड्यावरून पेशंटला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या अजूनही येतात. धडगावात ग्रामीण रुग्णालय आहे. पुढे घाट उतरून शहादा, मग नंदुरबार, आणि तिथून रेल्वेने सुरत किंवा मुंबई.

समजा, पाड्यावरच्या पंचेचाळिशीतल्या बाईला छातीत गाठ लागली. ती दुखत नाही, म्हणून ती सांगत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ज्यांची स्तनाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती त्यांचं प्रमाण ०.९ टक्के होतं. शंभरात एक बाईसुद्धा नाही, आणि हा आकडा अख्ख्या देशाचा, मुंबई-दिल्ली धरून. तर वर्षभराने गाठ मोठी झाल्यावर ती येते. तिची भाषा पावरी, डॉक्टरची मराठी, रिपोर्ट इंग्रजीत. कुठल्यातरी छोट्या नर्सिंग होममध्ये आधी सुईने तुकडा न काढता थेट गाठच काढली जाते. निघालेला गोळा फॉर्मलिनमध्ये जायला हवा. समजा, फॉर्मलिन संपलंय, म्हणून तो सलाइनमध्ये ठेवला. किंवा फॉर्मलिन आहे पण बाटली लहान, गोळा कोंबून बसवलाय. शनिवारी एसटीच्या पार्सलने बाटली निघाली, सोमवारी दुपारी लॅबमध्ये उघडली.

इथे मी जरा तांत्रिक होतो, पण लोकहो, हाच मुद्दा आहे. ऊती शरीराबाहेर पडली की ती सडायला लागते आणि तिच्यातले ते ग्राहक मोडायला लागतात. म्हणून नियम असा की तासाभरात ती फॉर्मलिनमध्ये जायला हवी, द्रावण ऊतीच्या दसपट हवं, आणि मोठी गाठ असेल तर ती चिरून ठेवायला हवी, कारण फॉर्मलिन आत शिरतं ते तासाला साधारण एक मिलिमीटर. किमान सहा तास, जास्तीत जास्त बहात्तर. हे पाळलं नाही तर रंग चढत नाही. आणि रंग चढला नाही की रिपोर्टवर येतं 'निगेटिव्ह'.

नीट वाचा. गाठीत ग्राहक होता. रिपोर्ट म्हणतो नव्हता. तिला कटिंगच्या भावातली ती गोळी लिहूनच दिली जात नाही. पाच वर्षं रोज एक गोळी, धडगावात बसून घेता आली असती, घाट उतरावा लागला नसता. त्याऐवजी तिच्या वाट्याला येतात केमोच्या वाऱ्या, दर तीन आठवड्यांनी नंदुरबार नाहीतर सुरत, सोबत नवरा किंवा मुलगा, दोघांची मजुरी बुडालेली. दोन वाऱ्यांनंतर ती जाणं थांबवते आणि कागदावर नोंद होते, 'रुग्णाने उपचार सोडले.' उपचाराला दाद कोणी दिली नाही म्हणायची? पेशींनी? त्यांना विचारलंच कोणी?

पॅथॉलॉजीतली चांगली माणसं यावर एक उपाय करतात, तो मला फार आवडतो. गाठीच्या कापात शेजारी थोडी निरोगी ऊती असतेच. निरोगी दुधाच्या नळ्यांवर इस्ट्रोजेनचा रंग चढायलाच हवा. तिथेही चढला नसेल तर समजायचं की चाचणी फसली, आणि 'निगेटिव्ह' न लिहिता 'पुन्हा करा' लिहायचं. शुद्ध युनिट टेस्ट! भारतीय बायकांमध्ये इस्ट्रोजेन-पॉझिटिव्ह गाठींचं प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा कमी दिसतं असं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. त्यात खरा जैविक फरक किती आणि फॉर्मलिनचा दोष किती, हा प्रश्न आपल्याकडच्या पॅथॉलॉजिस्टांनीच उपस्थित केलाय. म्हणजे 'भारतीय बायकांचा कॅन्सर वेगळा' या वाक्यातला काही भाग चक्क बाटलीचा असू शकतो.

यावर येणारे आक्षेप मला पाठ झालेत.

पहिला, स्तनाचा कॅन्सर हा शहरी रोग आहे. शहरात प्रमाण जास्त आहे हे खरं. १९८७ पासून चाललेल्या बार्शीच्या ग्रामीण कॅन्सर नोंदणीत ते मुंबईपेक्षा बरंच कमी दिसतं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि ज्या बाईला तो झाला तिला तो शंभर टक्के झालेला असतो. अख्ख्या देशाचा हिशेबही बघा. ग्लोबोकॅनच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. अमेरिकेत रुग्ण पावणेतीन लाखांच्या आसपास, मृत्यू ४३ हजारांच्या आसपास. त्यांच्याकडे रुग्ण जास्त, मृत्यू निम्म्याहून कमी. टॅमॉक्सिफेन दोन्हीकडे तेच आहे. फरक पडतो तो गाठ कधी सापडली, तिला तीन प्रश्न विचारले का, आणि उपचार पूर्ण झाले का यात.

दुसरा, धडगावात कुपोषण आहे, सिकलसेल आहे, तिथे कॅन्सरच्या चाचण्यांचे लाड कशाला? हा आक्षेप मी एसी कॅफेटेरियात बसलेल्या माणसाकडूनच ऐकलाय, धडगावच्या माणसाकडून नाही. आणि सिकलसेलच तर माझ्या बाजूचा पुरावा आहे. थेंबभर रक्त द्रावणात टाकायचं, गढूळ झालं की संशयित, मग पक्की चाचणी पुढच्या लॅबमध्ये. ही साखळी आदिवासी भागात उभी राहू शकते असं ठरवूनच २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य घेऊन. म्हणजे प्रयोगशाळा डोंगर चढू शकते, हे सरकारनेच मान्य केलंय.

तिसरा, मग नवीन संशोधन बंद करायचं का? नाही हो. पण संशोधन कसं असतं ते बघा. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींच्या पडद्यावर सोडियमची दारं असतात आणि सरपटत पसरायला पेशी त्यांचा उपयोग करतात, हे बशीत दिसलं होतं. दाढ काढताना डेंटिस्ट देतो ते लिग्नोकेन नेमकी हीच दारं बंद करतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी विचारलं, की ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती ते टोचलं तर? देशातली ११ केंद्रं, जवळजवळ १६०० बायका, दहा वर्षांहून जास्त काळ. २०२३ मध्ये निकाल छापून आला. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के. औषध कुठल्याही तालुक्याच्या रुग्णालयात कपाटात पडलेलं असतं. ही बातमी तुमच्या ग्रुपवर आली होती का? माझ्या नाही आली. हळद आली होती.

आणि हाच विचार आपल्याकडे नवा नाही. डॉ. कमल रणदिवे यांचं नाव २०२१ मध्ये गूगलच्या डूडलवर आलं तेव्हा बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं. १९१७ मध्ये पुण्यात जन्म, फर्ग्युसन कॉलेज. बॉल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करून आल्या, म्हणजे जिथे माणसाच्या पेशी बशीत कायमच्या वाढवण्याची सुरुवात झाली तिथेच. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांवर काम करून स्तनाचा कॅन्सर, हॉर्मोन्स आणि आनुवंशिकता यांचे धागे जोडले. १९८२ मध्ये पद्मभूषण. याच बाईंनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करण्याचं कामही केलं. बशी आणि पाडा ही दोन वेगळी जगं आहेत असं त्यांना वाटलं नाही. ते आपल्याला वाटतं.

आपण म्हणजे कोण? ऑक्टोबरात गुलाबी टी-शर्ट घालून पाच किलोमीटर धावणारे आपण. कंपनीच्या सीएसआरमधून मशीन भेट देणारे आणि फीत कापतानाचा फोटो लावणारे आपण. मशीनवर कंपनीचं नाव लिहिता येतं, फॉर्मलिनच्या बाटलीवर कोण लिहिणार?

तर माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, जिथे जिथे गाठ कापली जाते तिथे रुंद तोंडाच्या बाटल्या आणि नीट बनवलेलं फॉर्मलिन कायम हवं, आणि बाटलीवर दोन वेळा लिहिलेल्या हव्यात, ऊती कधी निघाली आणि कधी बुडाली. दोन, ऑपरेशनच्या आधी सुईने तुकडा काढून तपासणी. छोटा तुकडा फॉर्मलिनमध्ये पटकन भिजतो, प्रवासही नीट करतो. तीन, नंदुरबारला २०२० मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. त्या तीन प्रश्नांची उत्तरं जिल्ह्यातल्या प्रत्येक बाईला तिथून, ठरलेल्या दिवसांत, फुकट मिळाली पाहिजेत. निरोगी नळ्यांवरचा रंग तपासल्याची नोंद रिपोर्टवर हवी. चार, महात्मा फुले योजनेत ऑपरेशन आणि केमोचे पैसे मिळतात ते चांगलंच आहे, पण केमोचे पैसे देण्याआधी तीन उत्तरं आहेत का ते विचारा. पाच, हे आपल्यासाठी. बाटली कुठून निघाली, कुठे पोचली, रिपोर्ट कोणाच्या हातात गेला, हे पिझ्झाच्या डिलिव्हरीइतकं दिसायला काय लागतं? आपल्यापैकी कोणीही दोन वीकएंडमध्ये लिहील एवढं ते सॉफ्टवेअर आहे. अवघड भाग आहे तो दोन वर्षं नेटाने ते चालू ठेवण्याचा.

कोणी म्हणेल, अशक्य आहे, एवढ्या आडवळणाला कोण जाणार. त्यांना एक आठवण करून देतो. देशातलं पहिलं आधार कार्ड मुंबईत दिलं गेलं नाही, बंगलोरमध्येही नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी ते नंदुरबार जिल्ह्यातल्याच टेंभलीत, शहादा तालुक्यात दिलं गेलं. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं टिपणारी यंत्रं तिथवर गेली, पंतप्रधान गेले, आपल्यासारख्या इंजिनियरांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर गेलं. आपल्याला तिच्या बोटाचा ठसा हवा होता, तेव्हा रस्ता सापडला. तिच्या गाठीचा तुकडा त्याच रस्त्याने खाली यायचाय, एवढंच काम उरलंय.